ध्वज आणि झेंडा : हंगेरीतील संस्थांच्या निशाणांविषयी

१

मराठीत निशाणाच्या कापडासाठी शब्दांची वाण नाही. ध्वज, झेंडा, पताका, बावटा, जरीपटका, निशाण आणि रेल्वेच्या गार्डाच्या हातातली झेंडी. कोशात हे सारे एकमेकांचे प्रतिशब्द म्हणून दिलेले असले, तरी लिहिता-बोलताना आपण त्यांची गल्लत सहसा करीत नाही. वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते, संपकऱ्यांच्या मोर्च्यात बावटा असतो, पेशव्यांच्या फौजेपुढे जरीपटका असे. वस्तू पाहू गेल्यास एकच, एक काठी आणि एक कापड. परंतु ते कोणाच्या हातात आहे, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या हक्काने, यावरून शब्द बदलतो.

हंगेरियन भाषेत यासाठी दोन मुख्य शब्द आहेत : 'झासलो' आणि 'लोबोगो'. दैनंदिन बोलण्यात हंगेरियन माणूस हे दोन्ही शब्द सरमिसळ करून वापरतो. निशाणांचा पद्धतशीर अभ्यास करणारे तिकडचे अभ्यासक मात्र त्यांत काटेकोर भेद करतात. 'झासलो' म्हणजे काठीला कायमचे जडवलेले, एकमेव असे निशाण. ते एकदाच तयार होते, त्याच्यावर संस्कार होतात, त्याला पर्याय नसतो. ते हरवले वा शत्रूच्या हाती गेले तर त्या जागी तसेच दुसरे आणून उभे करता येत नाही. याउलट 'लोबोगो' हे दोरीने खांबावर चढवायचे, फडकवायचे कापड. मूळ क्रियापदाचा अर्थच फडफडणे, ज्वाळेसारखे भडकणे असा आहे. ते फाटले, विटले, की उतरवून नवे चढवावे. त्याची किंमत त्या विशिष्ट कापडात नसून ते ज्याची खूण आहे त्यात असते.

प्रस्तुत लेखात आम्ही पहिल्यासाठी 'ध्वज' आणि दुसऱ्यासाठी 'झेंडा' असे शब्द योजणार आहोत. ही वाटणी मराठीच्या प्रकृतीला पूर्णपणे धरून नाही, याची आम्हांला जाणीव आहे; पण 'ध्वजा'ला आपल्याकडे जो एक संस्काराचा गंध आहे आणि 'झेंडा' या शब्दात जी सार्वजनिकता आहे, तिचा येथे उपयोग होईल.

हा भेद केवळ कोशकारांच्या कामाचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. आमचे म्हणणे असे की, हंगेरीतील श्रेणी, शाळा, रेल्वे, मुलांच्या संघटना, कारखाने यांच्या निशाणांचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास हा या दोन शब्दांमधल्या ओढाताणीचा इतिहास आहे. निशाण कोणाचे, ते उभारणाऱ्या माणसांचे की त्यांना ते उभारायला लावणाऱ्या सत्तेचे, हा प्रश्न तेथे पुनःपुन्हा उभा राहिला, आणि त्यापायी माणसे प्राणासही मुकली.

२

आधी ध्वजाचा जन्म कसा होत असे ते पाहू. मध्य युरोपातील इतर देशांप्रमाणे हंगेरीतही चांभार, शिंपी, लोहार, खाटीक अशा कारागिरांच्या श्रेणी होत्या आणि प्रत्येक श्रेणीचा आपला ध्वज असे. १८७२ च्या उद्योगविषयक कायद्याने श्रेणी रद्द झाल्या. पण ध्वज करण्याची रीत त्यांच्याबरोबर संपली नाही. १८८४ च्या कायद्यानंतर उभी राहिलेली कारागिरांची नवी मंडळे, गावोगावची गायनमंडळे, वाचनमंडळे, कामगारांच्या आजारपणासाठी व अंत्यविधीसाठी निधी जमवणारी मंडळे, स्वयंसेवी अग्निशमन दले या सर्वांनी ती उचलली. अग्निशमन दलांच्या ध्वजावर बहुधा आगीपासून राखणारा संत फ्लोरियन असे. बुडापेस्टच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाची स्थापना १८७० साली एदन सेचेन्यी यांनी केली; हेच गृहस्थ पुढे इस्तंबूलला गेले, तेथील अग्निशमन दल त्यांनी उभे केले आणि ते पाशा झाले.

ध्वज नुसता शिवून चालत नसे. रेशमी कापडावर भरतकाम होई; एका बाजूला संत किंवा मेरी, दुसऱ्या बाजूला मंडळाचे नाव, साल आणि धंद्याची हत्यारे. मग एखाद्या प्रतिष्ठित स्त्रीला 'ध्वजमाता' होण्याची विनंती केली जाई. ती ध्वजाला आपल्या नावाची भरतकाम केलेली फीत अर्पण करी. चर्चमध्ये किंवा चौकात ध्वजावर संस्कार होई. त्यानंतरचा विधी आम्हांला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो : ध्वजाच्या काठीत खिळे ठोकण्याचा. पहिले खिळे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने. मग ध्वजमातेचा, मग पाहुण्या मंडळांचा आणि देणगीदारांचा. खिळ्यांच्या माथ्यावर किंवा काठीवरच्या धातूच्या पट्टीवर त्यांची नावे कोरलेली असत.

अशा रीतीने तयार झालेल्या ध्वजाची नक्कल करता येत नाही, कारण त्यात चित्रापेक्षा नावे अधिक आहेत. तो मंडळाची खूण आहे, पण त्याहून अधिक तो मंडळाचा दस्तऐवज आहे. कोण आले होते, कोणी पैसे दिले, कोणत्या शेजारच्या गावाशी सलोखा होता, हे सारे त्या काठीत ठोकलेले आहे. सभासद मेला की ध्वज त्याच्या अंत्ययात्रेला जाई. हंगेरीतल्या अनेक स्थानिक संग्रहालयांत आज असे ध्वज पाहायला मिळतात. मंडळ नामशेष झालेले असते, आणि काठीवरची नावे मात्र वाचता येतात.

३

झेंड्याची कथा वेगळी आहे. ती सुरू होते १८४८ साली. १५ मार्चला पेश्त शहरात क्रांती झाली, त्या दिवशी लोकांच्या छातीवर तांबडे-पांढरे-हिरवे कापडी फूल होते. त्याला 'कोकार्दा' म्हणतात. कवी शांदोर पेतोफी यांचे त्या दिवसाशी जडलेले नाते साहित्याच्या अभ्यासकांना सांगायला नको. काही आठवड्यांतच, एप्रिल महिन्यात, जे कायदे मंजूर झाले त्यांतला एकविसावा कायदा राष्ट्रीय रंगांविषयी आहे. सर्व सार्वजनिक इमारती व सार्वजनिक संस्था यांवर सार्वजनिक समारंभांच्या प्रसंगी, आणि सर्व हंगेरियन जहाजांवर, राष्ट्राचे निशाण व राजचिन्ह वापरावे, असे तो सांगतो. कायद्यात शब्द आहे तो 'लोबोगो'. अगदी नेमका शब्द. राज्याला हवे असते ते सर्व ठिकाणी एकसारखे, कोठेही पुरवता येण्याजोगे कापड. (पुढे २००० साली सार्वजनिक इमारतींवरील निशाणांसंबंधी जो शासकीय आदेश निघाला, त्याच्या शीर्षकातही याच शब्दापासून साधलेले क्रियावाचक नाम आहे.)

१८४९ मध्ये क्रांती चिरडली गेली. १८६७ साली व्हिएन्नाशी तडजोड झाली आणि हंगेरीला स्वतःचे शासन मिळाले, तेव्हा तिरंगी झेंडा इमारतींवर परतला. आणि तो दूरवर पोहोचला तो विशेषतः रेल्वेमुळे.

हंगेरीतली पहिली वाफेची रेल्वे १५ जुलै १८४६ रोजी पेश्त ते वाट्स अशी धावली होती. १८६८ साली राज्याने एक खाजगी कंपनी विकत घेतली आणि त्यातून राज्य रेल्वे उभी राहिली. १८८० च्या दशकात मंत्री गाबोर बारोश यांनी तिचा झपाट्याने विस्तार केला. १८८९ साली त्यांनी पल्ल्यांनुसार भाडे आकारण्याची पद्धत आणली, भाडी उतरली आणि प्रवाशांची संख्या कित्येक पटींनी वाढली. ज्या गावात न्यायालय नव्हते, पोलीसचौकीही नव्हती, तेथे स्थानक होते. स्थानक ही सार्वजनिक इमारत होती, तेव्हा सणासुदीला तिच्यावर झेंडा चढणे ओघानेच आले. खेड्यातल्या माणसाला राज्य दिसले ते बहुधा प्रथम येथे : लाल टोपी घातलेला स्थानकाचा अधिकारी, घड्याळ, राजभाषेतली पाटी आणि वर फडकणारे कापड.

रेल्वेच्या कर्मचाऱ्याला मात्र निशाणाचा दुसरा अर्थही ठाऊक होता. त्याच्या हातात रोज असे ती संकेताची झेंडी. लाल म्हणजे थांबा. त्यात भावना नाही, वाद नाही. निशाणाच्या संपूर्ण इतिहासात इतके निर्विवाद निशाण दुसरे नसेल. पण हीच माणसे १९०४ च्या एप्रिलमध्ये देशव्यापी संपावर गेली, तेव्हा सरकारने संपकऱ्यांतील राखीव सैनिकांना लष्करी सेवेत बोलावून संप मोडला. झेंडीवाला माणूस राज्याच्या लेखी झेंड्याखालचा शिपाईच होता.

४

झेंडा हा स्वातंत्र्याची खूण म्हणून जन्मला आणि दुसऱ्याच्या दारात सत्तेची खूण झाला, हे जेथे सर्वांत स्पष्ट दिसते ते ठिकाण म्हणजे क्रोएशिया. १८६८ च्या करारानुसार क्रोएशियाला न्याय, शिक्षण, अंतर्गत कारभार यांत स्वायत्तता होती, स्वतःचे रंग होते. सामाईक कारभाराच्या कचेऱ्यांतही क्रोएशियाच्या हद्दीत भाषा क्रोएशियन असावी, असे ठरले होते. रेल्वे मात्र बुडापेस्टच्या हाती राहिली.

१८८३ साली झाग्रेबमधील अर्थखात्याच्या इमारतीवर क्रोएशियनच्या जोडीला हंगेरियन अक्षरे असलेली राजचिन्हे लावली गेली, आणि दंगली उसळल्या. शेवटी तोडगा निघाला तो मोठा बोलका होता : अक्षरेच नसलेली राजचिन्हे लावण्यात आली. लोक त्यांना 'मुकी' चिन्हे म्हणत. १८९५ च्या ऑक्टोबरमध्ये सम्राट फ्रान्ट्स योझेफ झाग्रेबला आले असता विद्यार्थ्यांनी भर चौकात हंगेरियन झेंडा जाळला. शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यांत स्त्येपान रादिच होते, जे पुढे क्रोएशियन शेतकरी पक्षाचे नेते झाले.

आणि १९०३ साली झाप्रेशिच. झाग्रेबजवळचे हे लहानसे स्थानक. ११ एप्रिल हा दिवस १८४८ च्या कायद्यांची स्मृती म्हणून १८९८ पासून हंगेरीत राष्ट्रीय सण मानला जात होता. म्हणून स्थानकावर हंगेरियन झेंडा चढला. बुडापेस्टच्या दृष्टीने हे नियमाप्रमाणेच होते. भोवतालच्या क्रोएशियन शेतकऱ्यांच्या दृष्टीने ते त्यांच्या गावात परक्याने आपला सण साजरा करणे होते. जमाव चालून आला, पोलिसांनी गोळीबार केला आणि एक शेतकरी मरण पावला. त्या वसंत ऋतूत क्रोएशियाभर अशांतता पसरली. १९०७ साली रेल्वेच्या नोकरीत हंगेरियन भाषा अनिवार्य करणारा कायदा आला तेव्हा जुनी जखम पुन्हा उघडी पडली. तो आणणारे मंत्री होते फेरेन्त्स कोशुत, १८४८ च्या क्रांतीचे नेते लायोश कोशुत यांचे चिरंजीव.

येथे थोडे थांबावेसे वाटते. पेश्तमध्ये १८४८ साली छातीवर लावलेले कापडी फूल आणि झाप्रेशिचच्या छपरावरचा झेंडा यांचे रंग तेच होते. मधल्या पंचावन्न वर्षांत बदलले ते एवढेच की, पहिले माणसांनी स्वतः लावले होते आणि दुसरे त्यांच्यावर लावले गेले होते. ज्या झेंड्यात आपले नाव कोठेच नाही, तो आपल्या गावावर फडकला तर माणूस तो ओढून काढू पाहतो. श्रेणीच्या ध्वजाच्या काठीतले खिळे आठवावेत ते येथे.

५

हे जग साहित्यात कोणी टिपले असेल तर ते फेरेन्त्स मोल्नार यांनी. त्यांची 'पाल रस्त्यावरची मुले' ही कादंबरी १९०६ साली विद्यार्थ्यांच्या एका नियतकालिकातून क्रमशः आली आणि १९०७ मध्ये पुस्तकरूपाने. बुडापेस्टमधल्या एका मोकळ्या पटांगणासाठी मुलांच्या दोन टोळ्यांत युद्ध होते, आणि ते सुरू होते एका निशाणाच्या चोरीने : लाल शर्टवाल्या टोळीचा नायक पाल रस्त्याच्या मुलांचे लाल-हिरवे निशाण पळवतो. ते परत मिळवण्याच्या खटाटोपात लहानखुरा नेमेचेक थंड पाण्यात बुडवला जातो, आजारी पडतो आणि अखेर मरतो.

या कादंबरीत आणखी एक संस्था आहे, तिच्याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे असे आम्हांला वाटते. शाळेतल्या मुलांनी 'पुट्टी मंडळ' काढलेले असते. खिडक्यांच्या काचांभोवतीची पुट्टी खरवडून आणायची, आणि ती वाळू नये म्हणून अध्यक्षाने चावत राहायचे, एवढेच मंडळाचे कार्य. पण त्याला शिक्का आहे, वर्गणी आहे, इतिवृत्ताची वही आहे आणि निशाणही आहे. शिक्षकाला सुगावा लागतो तेव्हा तो हे सारे जप्त करतो आणि मंडळ बरखास्त करायला सांगतो. मुले ते गुपचूप चालूच ठेवतात. वाचकाला हसू येते, कारण ही थोरांच्या मंडळांची हुबेहूब नक्कल आहे. पण मोल्नार नुसते हसत नाहीत. मंडळ नेमेचेकवर दगाबाजीचा खोटा आळ घेते आणि वहीत त्याचे नाव सगळे लहान अक्षरांत लिहिते. तापात त्याला सलत राहते ते हेच. मंडळाचे प्रतिनिधी माफीचा कागद घेऊन येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

नावाची नोंद हा मंडळाच्या ध्वजाचा प्राण होता, असे आम्ही वर म्हटले. मोल्नारनी त्याचीच दुसरी बाजू दाखवली : जी संस्था नाव जपते तीच ते पुसूही शकते. स्वयंस्फूर्त संस्थांचे ध्वज आम्हांला आपुलकीचे वाटत असले, तरी त्यांच्याविषयी भाबडेपणा नसावा.

६

पहिल्या महायुद्धानंतर, ४ जून १९२० च्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला. रेल्वेच्या जाळ्याचाही जेमतेम दोन पंचमांश भाग उरला. गेलेल्या प्रदेशांतून तीन लाखांहून अधिक माणसे आली. त्यांत रेल्वेचे नोकर, शिक्षक, कारकून पुष्कळ होते, कारण राज्याचा झेंडा उतरला की त्याखालची नोकरीही जात असे. त्यांतली कित्येक कुटुंबे महिनोन्‌महिने मालगाडीच्या डब्यांतच राहिली.

या दुःखातून एक विलक्षण निशाण जन्मले. २० ऑगस्ट १९२८ रोजी बुडापेस्टच्या स्वातंत्र्य चौकात उंच खांबावर एक झेंडा चढवण्यात आला, तो अर्ध्यावरच राहील अशा संकल्पाने. गेलेला प्रदेश परत येईपर्यंत तो पूर्ण चढणार नव्हता. पायथ्यात जुन्या हंगेरीच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आणलेली माती ठेवली होती. दोरीने खांबावर चढवलेले हे कापड, म्हणजे व्याख्येने 'लोबोगो'; पण त्याला नाव दिले गेले ते 'अवशेषांचा राष्ट्रध्वज', म्हणजे 'झासलो'. नावाची ही निवड अनवधानाने झाली असे वाटत नाही. झेंड्याला ध्वजाचे पावित्र्य हवे होते. मग त्याच्या नकला शेकडो गावांत उभ्या राहिल्या, शाळांची मुले त्यांच्यापुढे रांगेत उभी राहू लागली. एकमेव असण्यातच ज्याचा अर्थ होता, त्याचे शेकड्याने उत्पादन झाले. खऱ्या शोकाचे रूपांतर सक्तीच्या शोकात झाले, आणि त्या शोकाने देशाला पुढच्या महायुद्धात हिटलरच्या गोटात नेण्यास हातभार लावला. १९४५ नंतर तो खांब गेला, आणि त्याच जागी सोव्हिएत सैनिकांचे स्मारक उभे राहिले.

७

१९४८ हे साल हंगेरीच्या संस्थाजीवनातले मोठे वळण आहे. जूनमध्ये सुमारे साडेसहा हजार शाळा, बहुतेक चर्चच्या, राज्याने ताब्यात घेतल्या. त्याच सुमारास बालवीर संघटना संपवण्यात आली. १९४६ मध्ये स्थापन झालेली पायोनियर संघटना हीच आता मुलांची एकमेव संघटना उरली. गायनमंडळे, वाचनमंडळे, कारागिरांची मंडळे एकामागून एक बंद झाली. संस्था गेल्या की ध्वजांना अर्थ उरत नाही. काही संग्रहालयांत पोहोचले, काही चर्चच्या कोठारांत पडून राहिले.

नवी निशाणे कमी नव्हती. पायोनियरांच्या लहानशा तुकडीपासून पूर्ण पथकापर्यंत प्रत्येक पायरीला निशाण होते. ३१ जुलै १९४८ रोजी बुडापेस्टच्या टेकड्यांत 'पायोनियर रेल्वे'चा पहिला टप्पा सुरू झाला. १९५० पर्यंत तिचा सुमारे ११ किलोमीटरांचा मार्ग पूर्ण झाला. इंजिन चालवणे सोडून तिकिटे देणे, सिग्नल सांभाळणे, गाडी सोडणे ही कामे मुलेच करीत. ही रेल्वे आजही चालते. १९९० पासून तिचे नाव 'बालरेल्वे' झाले आहे. गाडी निघताना फलाटावरचे मूल सलाम करते. पायोनियरांचे लाल रुमाल गेले, पण सलाम राहिला, कारण तो कोणत्या पक्षाला नसून गाडीला आहे. कामाचा संकेत सत्तेपेक्षा दीर्घायुषी असतो, याचे हे एक साधे उदाहरण.

त्या काळाचे खरे वैशिष्ट्य मात्र 'फिरता ध्वज' हे आहे. कारखाने, खाणी, रेल्वे यांच्यात उत्पादनाच्या स्पर्धा लावल्या जात आणि जिंकणाऱ्यास लाल ध्वज मिळे. सर्वांत मानाचा तो मंत्रिमंडळ व कामगार संघटनांची मध्यवर्ती परिषद यांच्या नावाने दिला जाई. पुढच्या स्पर्धेत दुसरा कोणी जिंकला की ध्वज त्याच्याकडे जाई. हा मखमलीचा, भरतकाम केलेला, काठीला जडवलेला असे. म्हणजे रूपाने 'झासलो'च, आणि हंगेरियन नावातही तोच शब्द होता. पण तो जेथे जाई तेथे पाहुणा असे. कारागिरांच्या ध्वजात मंडळाने स्वतःला नोंदवले होते, फिरत्या ध्वजात वरच्याने खालच्याला गुण दिले होते. जो ध्वज आकडा घटला की परत न्यायचा असतो, त्याच्याखाली आपल्या माणसाला पुरता येत नाही.

८

१९४९ साली देशाला नवे राजचिन्ह मिळाले होते : हातोडा, गव्हाची लोंबी आणि वर लाल तारा. मात्याश राकोशी यांच्या राजवटीतले हे चिन्ह तिरंगी झेंड्याच्या मधोमध बसवले गेले. २२ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांनी आपल्या मागण्यांची यादी केली, तीत सोव्हिएत सैन्य माघारी जावे, मुक्त निवडणुका व्हाव्यात यांच्याबरोबरच हे परके राजचिन्ह जाऊन कोशुतच्या काळचे चिन्ह परत यावे, अशीही मागणी होती. दुसऱ्या दिवशी मिरवणूक निघाली. आणि चिन्ह बदलण्याची वाट न पाहता लोकांनी ते झेंड्यातून कापून काढले. त्या रात्री स्टालिनचा पुतळा पाडण्यात आला. चौथऱ्यावर नुसते बूट उरले आणि त्यांत झेंडा खोवला गेला.

भोकाच्या झेंड्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. बहुतेक लेखक त्या भोकाला अभावाचे, नकाराचे प्रतीक मानतात, आणि ते चूक नाही. आम्हांला मात्र तेथे दुसरीच गोष्ट घडलेली दिसते. ते झेंडे सरकारी होते, सणावारी खिडक्यांतून लावण्यासाठी पुरवलेले, एकसारखे, अस्सल 'लोबोगो'. कात्री लागली तेव्हा त्यांतला प्रत्येक वेगळा झाला. कोणाचे भोक वर्तुळाकार, कोणाचे वाकडेतिकडे, कोणाचे घाईत फाडलेले, कोणाचे नंतर नीट शिवून घेतलेले. कापणाऱ्याचा हात त्यात उमटला. खिळा ठोकून जे नोंदवले जाई, ते आता कापून नोंदवले गेले. गठ्ठ्याने छापलेला झेंडा एका दिवसात, कोणत्याही संस्काराविना, एकमेव ध्वज झाला. म्हणूनच ते संग्रहालयांत जपले गेले. फाटका झेंडा कोणी जपत नाही, जपला जातो तो ध्वज. १९८९ च्या डिसेंबरात रोमानियातही लोकांनी झेंड्यांतले चिन्ह कापून काढले, तेव्हा ही कृती किती स्वाभाविक होती ते दिसले.

४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे पुन्हा आले. उठाव मोडला, माणसे फाशी गेली, सुमारे दोन लाख देश सोडून गेले. नव्या राजवटीने १९५७ मध्ये झेंड्यासंबंधी जो निर्णय घेतला तो झाग्रेबच्या 'मुक्या' चिन्हांची आठवण करून देतो. राजचिन्ह बदलले गेले, पण झेंड्यावर ते परत बसवलेच नाही. अधिकृत झेंडा कोरा तिरंगी ठरला. ज्याला मधोमध काही नाही, त्यातून काही कापताही येत नाही. १९९० साली मुकुटासह जुने राजचिन्ह परत आले तरी अधिकृत राष्ट्रध्वज कोराच राहिला.

९

शेवटी शाळेकडे येऊ, कारण ध्वजाची जुनी रीत आजही नित्य पाहायला मिळते ती तेथे.

हंगेरीत माध्यमिक शिक्षणाच्या शेवटी मुले 'बॉल्लॉगाश' नावाचा निरोपाचा विधी करतात. या रिवाजाचे मूळ शेल्मेत्सबान्या येथील खाणविद्येच्या अकादमीत आहे. शिकून बाहेर पडणारे विद्यार्थी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून, रांगेने, गात, शाळेच्या खोल्याखोल्यांतून आणि पटांगणातून फिरतात; खांद्याला एक लहानशी कापडी झोळी असते आणि तीत वाटेची शिदोरी. ही अकादमी १९१९ मध्ये शेल्मेत्सबान्या चेकोस्लोव्हाकियात गेल्यामुळे शोप्रोन शहरात हलली. १९५६ नंतर तेथील वनविद्या शाखेचे सुमारे दोनशे विद्यार्थी व अनेक अध्यापक सीमा ओलांडून गेले आणि कॅनडात व्हँकूव्हरच्या विद्यापीठात त्यांची स्वतंत्र शाखा उभी राहिली. दोनदा इमारत सुटली, दोनदा राज्याचा झेंडा बदलला, तरी त्यांना आपण एकाच शाळेचे आहोत असे वाटत राहिले.

बॉल्लॉगाशच्या दिवशी अनेक शाळांत आणखी एक गोष्ट होते. शाळेच्या ध्वजाला बाहेर पडणारे विद्यार्थी आपल्या वर्गाची, सालाची फीत बांधतात, आणि ध्वज पुढच्या वर्गाच्या हाती देतात. फिती वर्षानुवर्षे साठत जातात. या विधीत फिरत्या ध्वजाप्रमाणे हस्तांतर आहे आणि कारागिरांच्या ध्वजाप्रमाणे नोंदही आहे. पण येथे ध्वज कोणी जिंकत नाही आणि कोणाकडून काढूनही घेतला जात नाही. जो देतो त्याला तो कायमचा सोडायचा आहे, हे ठाऊक असते. जो घेतो त्यालाही वर्षभराने तेच करायचे असते.

निशाण कोणाचे, हा प्रश्न आम्ही प्रारंभी विचारला होता. हंगेरीच्या इतिहासावरून एवढे म्हणता येईल : ज्याला त्यात आपली खूण ठेवू दिली जाते, निशाण त्याचे असते. ती खूण खिळ्याची असेल, फितीची असेल. आणि यांपैकी काहीच करू दिले नाही, तर कात्रीची असेल.